वामकुक्षीनंतरची तडतड

मिरजेतल्या त्या घरात यंदाच्या जानेवारीपासून दुपारी दोघं झोपू लागले. एक मामा आणि दुसरा मामांचा कॉम्प्युटर. मामांची वामकुक्षी जुनी, नोकरीत रात्रपाळ्या होत्या तेव्हापासूनची. कॉम्प्युटरची मात्र विजेचं बिल आल्यावर मामीनं सुरू करायला लावलेली. “तुम्ही घोरता तेवढा वेळ त्यानं जागं राहून कसली राखण करायचीय?” असा तिचा सवाल होता आणि त्याला उत्तर नव्हतं. मग मामा एकच्या ठोक्याला कॉम्प्युटर स्टँडबायवर टाकून कॉटवर आडवे होऊ लागले. चार वाजता आधणाचं भांडं वाजलं की उठायचं, माऊसला टिचकी मारून त्यालाही उठवायचं, अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी ठुमरी लावायची आणि चहा बशीत ओतायचा, असा नवा क्रम बसला.

बसला म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी मामांच्या लक्षात आलं, की खाँसाहेबांच्या पहिल्याच आलापावर कुणीतरी मूठमूठ वाळू फेकतंय. ठुमरी बदलली, वाळू तीच. आवाज कमी केला, वाळूही हळू पडायला लागली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा खाँसाहेब स्वच्छ.

“तुमचाही घसा दुपारी उठल्यावर असाच खरखरतो,” मामी आतून म्हणाली. “होईल मोकळा.”

मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘होईल मोकळा’ हे कारण चालत नाही.

मामा रेल्वेचे. मिरज जंक्शनवर एके काळी तीन गेज एकत्र यायचे: ब्रॉड गेज, मीटर गेज आणि बार्शी लाइटची नॅरो गेज. त्या रुळांच्या जाळ्यात वाढलेल्या मामांचा जगातल्या दोनच गोष्टींवर विश्वास आहे, एक नोंद आणि दुसरी घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली. खिशातलं घड्याळ आणि फेल्युअर रजिस्टर ठेवायची सवय मात्र घरी घेऊन आले. घरातल्या रजिस्टरला पाच रकाने आहेत. तारीख, बिघाड कळल्याची वेळ, बिघाडाचं स्वरूप, काय केलं, आणि सुरळीत झाल्याची वेळ. त्यात मिक्सरची नोंद आहे, पाण्याच्या मोटरची आहे, आणि एका पानावर मामीच्या अबोल्याचीही आहे. त्या नोंदीचा पाचवा रकाना कोरा आहे. मामा म्हणतात शाई संपली होती.

त्या दिवशी रजिस्टरात नवं पान उघडलं. ‘कॉम्प्युटर. झोपेतून उठल्यावर आवाजात दोष.’

पहिला फोन अर्थातच पुण्याच्या भाच्याला. भाचा ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नक्की कुठे, हे नात्यात कुणी विचारत नाही. तो दिवसभर एका विमा कंपनीच्या हप्त्यांचे तक्ते एकमेकांशी जुळवतो आणि आवाजाचं त्याचं ज्ञान हेडफोन कानात खुपसण्यापुरतंच आहे. पण प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं त्याच्याकडेच येतं.

“कसला आवाज येतो, मामा?”

“खरखर.”

“नक्की खरखर? की घरघर?”

हा प्रश्न मराठीतच विचारता येतो. आवाजाच्या बाबतीत आपल्या भाषेनं काटकसर केलेलीच नाही. खरखर, घरघर, चरचर, किरकिर, कुरकुर, तडतड, फडफड, सूंसूं, गुणगुण. आणि गंमत म्हणजे स्पीकरच्या दुखण्यांची यादी काढली, तर यातल्या बहुतेक शब्दांना एकेक दुखणं चिकटलेलं सापडतं. एकसारखी खर्जातली गुणगुण असेल, तर अर्थिंगमध्ये घोळ. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, ती आवाजाच्या तारेत शिरली की स्पीकर त्याच पट्टीत हुंकार भरतो. बारीक, अखंड सूंसूं असेल, तर ॲम्प्लिफायरचा अंगचा आवाज, तो फार वाढवला की ऐकू येणारच. आवाजाचं बटण फिरवतानाच तेवढी खर्रर्र होत असेल, तर बटणाच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली. आणि तडतड असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दोष बहुधा तारेत नसतो, वेळेत असतो.

भाच्यानं हे सगळं ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं होतं आणि तो ते जन्मजात ज्ञान असल्यासारखं सांगत होता.

“थांब, तूच ऐक,” म्हणून मामांनी मोबाइल स्पीकरला टेकवला. मोबाइलचा बंदोबस्त असा, की माणसाचं बोलणं तेवढं पुढे न्यायचं आणि भोवतीचा गोंगाट गाळायचा. त्या चाळणीत तडतडही अडकली आणि खाँसाहेबही. पुण्यात पोचलं ते फक्त मामीचं वाक्य: “अहो, मोहरी तडतडल्यासारखं होतंय ते. पण नीट तापलेल्या तेलातली नव्हे. तेल तापायच्या आधीच टाकली, की दोन उडतात, मग काही नाही, मग एकदम पाच उडतात, तशी.”

पुढच्या तीन आठवड्यांत एवढं नेमकं वर्णन कुणालाही करता आलं नाही. रजिस्टरात तिसऱ्या रकान्यात तेच आहे: ‘कच्च्या तेलातली मोहरी.’

आता एक अडचण होती. मामांच्या संग्रहातलं गाणं मुळातच खरखरतं. जुन्या तबकड्या लाखेच्या, आणि लाखेत कणखरपणासाठी दगडाची भुकटी कालवलेली. सुई त्या भुकटीवरून घासत जाणार, म्हणजे जन्मजात खरखर. मामांकडे अशा शंभरेक तबकड्या आहेत, त्या त्यांनी एका मित्राच्या मदतीनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. त्यात खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या सगळ्यात लाडक्या. मिरजेत हे ओघानंच येतं. खाँसाहेब इथे राहिले, १९३७ साली मद्रासच्या बाजूला प्रवासात वारले, आणि त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. उरुसात तिथे अजून गवय्ये हजेरी लावतात. तेव्हा खरखर कुणाची, तबकडीची की कॉम्प्युटरची, याचा निकाल आधी लावायला हवा होता. शेजारच्यांनी तर सरळ सांगितलं, “जुनं गाणं आहे ना, मग येणारच.” घरमालकानं गळक्या छताबद्दल बोलावं तसं.

निकाल मामांनी घड्याळानं लावला. तबकडीवर आडवा ओरखडा असेल, तर सुई प्रत्येक फेरीला त्यावरून एकदा जाते आणि एकदाच ‘टक्’ करते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेवर चालणाऱ्या मोटरीत हिशेबानं ७७.९२ पडतात, पण मामांनी तेवढी सवलत दिली. म्हणजे टक्टक् मिनिटाला ७८ भरली, तर ती तबकडीची, घरची. मामा डोळे मिटून बसले, एका हाताची बोटं पेरांवरून सरकत होती, दुसऱ्या हातात घड्याळ. मिनिट झालं.

“अठ्ठ्याहत्तर आपली,” ते म्हणाले. “आणि त्यात मिसळलेली ही दुसरी. हिला मोजमापच नाही. एकदा दोन, एकदा अकरा, एकदा मुकाट. ही बाहेरची.”

मग त्यांनी तीच स्पीकरची पिन काढून मोबाइलला लावली. स्वच्छ. स्पीकर निर्दोष, वायर निर्दोष, खाँसाहेब निर्दोष. संशयित एकच उरला आणि तो टेबलाखाली बसला होता.

कोपऱ्यावरच्या दुकानातला दुरुस्तीवाला पोरगा आला. त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं, स्पीकरला कान लावायच्या भानगडीत पडला नाही, आणि म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल, काका.” या पोरांचं हे एकच औषध. कीबोर्डवर चहा सांडला तरी फॉरमॅट. मिरज हे दवाखान्यांचं गाव. लांबलांबून माणसं इथे ऑपरेशनला येतात. पण पडसं झालं म्हणून धड बदलायला मिरजेतसुद्धा कुणी सांगत नाही. मामांनी त्याला चहा पाजला आणि रजिस्टरात लिहिलं: ‘तपासणी झाली. तपासलं काहीच नाही.’

दुसरे तज्ज्ञ आपण होऊन आले. मामांचे एक स्नेही तंतुवाद्यांचे कारागीर आहेत. मिरजेची सतार आणि तंबोरा म्हणजे काही साधी गोष्ट नाही, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची सगळी जान जवारीत. तार घोडीच्या पसरट अंगाला नुसती चाटून गेली पाहिजे, मध्ये सुताचा एक धागा, आणि तो केसभर मागेपुढे सरकवत कारागीर तासन् तास ऐकत बसतो. म्हणजे आवाजात ‘थोडी खरखर’ मुद्दाम आणण्यात या माणसाची हयात गेलेली. त्यांनी मान कलती करून दोन मिनिटं ऐकलं.

“जवारी बिघडलेली नाही,” ते म्हणाले. “जवारी बिघडली, की एक तार बोलते. हे तसं नाही. सगळ्या तारा एकदम सुटतायत आणि एकदम लागतायत. मधनंच कुणीतरी हात धरतंय.”

मग त्यांनी विचारलं, तार कुठली घातलीय, आणि मामीला हसू आवरेना. पण शेवटी जे कारण निघालं, त्याच्या सगळ्यात जवळ हाच माणूस पोचला होता, तेही स्क्रीनकडे न बघता.

मधनं हात धरतंय म्हणजे काय, हे समजायला कॉम्प्युटरची झोप आधी समजून घ्यावी लागते. १९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसीपीआय नावाची नियमावली काढली. कॉम्प्युटरनं कसं जागायचं आणि कसं झोपायचं, याचं ते धर्मशास्त्र. त्यात झोपेच्या पायऱ्या आहेत. एस-झिरो म्हणजे टक्क जागा. एस-वन म्हणजे डुलकी. एस-थ्री ही खरी वामकुक्षी: चालू कामाची आठवण ज्या रॅममध्ये असते, तिला तेवढी वीज द्यायची आणि बाकी सगळ्यांना दिवे मालवायला सांगायचे. एस-फोर म्हणजे सगळं डिस्कवर लिहून ठेवून, जणू मृत्युपत्र करून झोपणं. एस-फाइव्ह म्हणजे बंद. सकाळी उठेल तेव्हा काल काय चाललं होतं ते विचारू नये. मामांना ही विभागणी फार आवडली. “आमच्या डिव्हिजनमध्ये एस-वनवाले पुष्कळ होते,” ते म्हणाले.

कॉम्प्युटर झोपतो एकटा, पण उठतं सगळं घर. प्रत्येक सुट्या भागाचा एक ड्रायव्हर, म्हणजे त्याला हाकणारा छोटा प्रोग्रॅम असतो. टिचकी मारली की हे सगळे ड्रायव्हर एकदम जागे होतात आणि एका न्हाणीघराच्या घरात सकाळी जे होतं ते होतं. कुणाला आंघोळ, कुणाचा चष्मा सापडत नाही, कुणी पेपर कुठाय म्हणून ओरडतंय. साउंडचा ड्रायव्हर त्यात सगळ्यात घाईचा, कारण त्याची नोकरी घड्याळाची.

आवाज कॉम्प्युटरमध्ये आकड्यांच्या रूपात असतो. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे. हा विचित्र आकडा आला तो व्हिडिओ टेपमधून. सुरुवातीच्या काळात आवाजाचे आकडे साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत. एका पद्धतीत २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा, रेषेवर ३ आकडे. दुसऱ्या पद्धतीत २९४ रेषा, ५० वेळा, पुन्हा ३. दोन्ही गुणाकार ४४,१००. मामांनी दोन्ही गुणाकार कागदावर करून पाहिले आणि पाच मिनिटं ते कागदाकडे नुसते बघत राहिले. सिनेमा आणि व्हिडिओवाल्यांनी पुढे ४८,००० धरले. त्यामुळे गाणं एका मापाचं आणि कॉम्प्युटर दुसऱ्या मापाचा, असं झालं की मध्ये रूपांतर करावं लागतं. हे मामांना समजावून द्यावंच लागलं नाही. मीटर गेजचे डबे खाली करून माल ब्रॉड गेजमध्ये चढवणारे हमाल त्यांनी वर्षानुवर्षं मिरजेच्या यार्डात पाहिले होते.

आता हे आकडे साउंडच्या चिपकडे एकेक करून जात नाहीत, गाडी भरून जातात. समजा दर १० मिलिसेकंदांना एक गाडी, म्हणजे ४८,०००च्या हिशेबानं गाडीत ४८० आकडे. पुढची गाडी वेळेत आली नाही, तर चिप वाट बघत नाही. जे नाही ते नाही, म्हणून आवाजाची रेघ मध्येच तुटते, आणि गाडी आली की पुन्हा भलतीकडून सुरू होते. तुटतानाचा आणि जुळतानाचा तो झटका स्पीकरला बसतो. तीच मोहरी. सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला, तर माणसाचा कान तक्रार करतो. रेल्वेतला उशीर मोजायच्या सवयीला हे फारच लागलं.

भाच्यानं मग एकामागून एक उपाय सांगायला सुरुवात केली. रीस्टार्ट. ‘एन्हान्समेंट’ नावाचे आवाज खुलवणारे पर्याय बंद. ४४,१००चे ४८,००० आणि परत. विंडोजची ऑडिओ सर्व्हिस थांबवून पुन्हा चालू. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरला जास्त मंद होऊ द्यायचं नाही, म्हणून त्याची किमान पातळी ५ टक्क्यांवरून १००वर. शेवटी तर ऑडिओडीजी नावाच्या प्रोग्रॅमला प्रोसेसरच्या एकाच गाभ्याशी बांधून त्याचं प्राधान्य वाढवायचं, हा जाणकारांचा जुना तोडगा. आणि नवल म्हणजे यातला प्रत्येक उपाय लागू पडला! करायला चारपाच मिनिटं जायची आणि तडतड थांबायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. मग भाचा दुसरा उपाय सांगायचा, तोही लागू पडायचा. पुण्यात भाच्याची छाती रोज थोडी फुगत होती. एकदा मामीनं टेबलावरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, मोहरीला मोहरी. त्याचाही गुण आला. मामांनी ती नोंदही केली, कारण नोंद ही नोंद.

दर वेळी हात लावण्याआधी मामा डिस्कनेक्शन मेमो द्यायचे. रेल्वेत टी/३५१ नावाचा फॉर्म असतो. सिग्नलच्या यंत्रणेला हात लावायचा, तर मेंटेनरनं स्टेशन मास्तरला तो आधी द्यायचा, काम झालं की पुन्हा जोडल्याचं लिहून द्यायचं. घरात स्टेशन मास्तर मामी. “मी आता आवाज काढतोय,” मामा सांगायचे. “काढा,” ती म्हणायची. तिला आवाज गेल्याचं फारसं दुःख कधीच नसायचं.

उलगडा झाला तो दुधामुळे.

त्या दिवशी मामांनी टिचकी मारली, मोहरी उडायला लागली, मामांनी चष्मा लावून रजिस्टर उघडलं, आणि तेवढ्यात आतून, “अहो, मी केस धुतेय, दूध बघा!” मामा धावले. दूध उतू गेलेलं. त्यांनी गॅस पुसला, ओटा पुसला, पातेलं बदललं, पुसल्याचं मामीला कळणार नाही अशा बेतानं फडकं धुऊन वाळत घातलं. परत आले तर खाँसाहेब निर्मळ गात होते. कुणी कशालाही हात लावलेला नव्हता.

मामांनी चौथ्या रकान्यात लिहिलं: ‘काहीही नाही. दूध.’ पाचव्यात वेळ लिहिली. आणि मग त्यांची नजर त्या पाचव्या रकान्यावरून वर सरकत गेली. रीस्टार्ट, ६ मिनिटं. एन्हान्समेंट, ५. ऑडिओ सर्व्हिस, ६. मीठमोहऱ्या, ५. ऑडिओडीजी, ७. दूध, ६. तीन आठवडे सगळे मिळून बिघाड दुरुस्त करत नव्हते, बिघाड संपायची वाट बघत होते, फक्त प्रत्येकाची वाट बघायची तऱ्हा वेगळी होती. अपवाद दोनच. एका दिवशी १९ मिनिटं, एका दिवशी २३. त्या दोन्ही दिवशी चौथ्या रकान्यात एकच शब्द होता: ‘भाचा.’

संध्याकाळी फोन गेला.

“एक विचारू का? तू लाइनवर असलास, की गाडी जास्त का थांबते?”

“म्हणजे?”

“तू पुण्याहून माझा कॉम्प्युटर चालवतोस ना, तो माऊस आपोआप फिरतो बघ. दोनदा चालवलास. दोन्ही वेळा आजार तिप्पट.”

भाचा थोडा दुखावला. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता तो पुन्हा दुरून जोडला गेला आणि या वेळी त्यानं लेटन्सीमॉन नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडकवून ठेवतो, ते हे सॉफ्टवेअर मायक्रोसेकंदांत मोजतं. ड्रायव्हरला एखादं तातडीचं काम उरकायचं असतं, तेव्हा तो प्रोसेसर ताब्यात घेतो आणि त्याचं होईपर्यंत त्या गाभ्यावर दुसऱ्या कामांना थांबावं लागतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची शिस्त अशी, की असा ताबा १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. यादीत सगळे शहाण्यासारखे होते. एकच लाल पट्टी अकरा हजारांच्या पुढे गेली होती. अकरा हजार मायक्रोसेकंद म्हणजे ११ मिलिसेकंद, आणि आवाजाची गाडी दर दहाला.

“हा नेटवर्कचा ड्रायव्हर आहे,” भाचा म्हणाला. “झोपेतून उठल्यावर वायफाय शोधतो, जोडतो, तुटतो, परत जोडतो...”

“सिंगल लाइन,” मामा म्हणाले.

“काय?”

“अरे, सिंगल लाइनवर एका वेळी एकच गाडी. ड्रायव्हरच्या हातात टोकन असल्याशिवाय ब्लॉक सेक्शनमध्ये शिरता यायचं नाही. तुझी ही वायफायची मालगाडी टोकन घेऊन आत गेलीय आणि मध्ये उभी राहून शंटिंग करतेय. माझी मेल होम सिग्नलला शिट्ट्या मारतेय. बरोबर?”

भाच्यानं ऑफिसात या विषयावर दोन प्रशिक्षणं घेतली होती. दोन्हींत मिळून एवढं समजलं नव्हतं.

“मामा, कॉम्प्युटरच्या मागे एक बोटाएवढा डोंगल आहे बघा, निळ्या दिव्याचा. तो उपटा.”

“मेमो?”

“मामींना सांगा आणि उपटा.”

मामांनी डोंगल उपटला. त्याच क्षणी पुण्याच्या स्क्रीनवरचा मिरजेचा कॉम्प्युटर गोठला, कारण भाचा ज्या फांदीवर बसून मिरजेत डोकावत होता, ती फांदी हीच. फोनवर मात्र मामांचा आवाज आला, “स्वच्छ! एकदम स्वच्छ!” आणि त्यामागे, मोबाइलच्या चाळणीतून निसटलेली, भैरवीची अर्धी तान.

आजार का वाढत होता, तेही आता उघड झालं. भाचा दुरून जोडला गेला, की त्याचा सगळा कारभार त्या डोंगलवरूनच चालायचा. म्हणजे वैद्य घरात पाऊल टाकायचा आणि ताप चढायचा.

“हा डोंगल बसवला कुणी?” मामांनी विचारलं. त्यांना आठवत होतंच, पण रजिस्टरात लिहायला जबाब लागतो.

डोंगल मागच्या दिवाळीत आला होता. हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत वायर नको, भोकं पाडायला नकोत, म्हणून पुण्याहून कुणीतरी हौसेनं आणला, स्वतः बसवला, ‘आता बघा कसं सुटसुटीत’ म्हणाला आणि चकलीचा डबा घेऊन गेला. कॉम्प्युटर तेव्हा दुपारी झोपत नव्हता, त्यामुळे डोंगलचे गुण दिसायला जानेवारीचं बिल यावं लागलं. हा कुणीतरी म्हणजे भाचा. आणि भाचा म्हणजे प्रस्तुत लेखक. इथवर हे सांगायचं टाळलं, ते वाचकांना कळलं असेलच.

ड्रायव्हरची नवी आवृत्ती घालता आली असती. वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा विंडोजमध्ये दिलेली असते, तिथली खूण काढूनही अशी दुखणी पुष्कळदा बरी होतात. लेखकानं दोन्ही उपाय सुचवले. मामांनी ऐकून घेतले आणि बाजारात जाऊन वीस मीटर लॅन केबल आणली. दोन दिवस खपून त्यांनी ती हॉलमधून आतपर्यंत नेली, भिंतीच्या कडेनं, दर वीतभर अंतरावर एक क्लिप, कोपऱ्यात गोल वळण, दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी: ‘अप’ आणि ‘डाउन’. डोंगल रजिस्टर पोस्टानं पुण्याला आला. त्याला तांबड्या कापडाची चिंधी बांधलेली होती आणि सोबत रजिस्टरातल्या दोन पानांची झेरॉक्स. मीठमोहऱ्यांची ओळ मामांनी लाल शाईनं अधोरेखित केली होती. वेळेच्या बाबतीत ती भाच्याच्या सहाही उपायांना हरलेली नव्हती.

पाडव्याला लेखक मिरजेला गेला. जेवण झालं, दोघं झोपले. एक कॉटवर, एक टेबलाखाली. चार वाजता आधणाचं भांडं वाजलं. मामांनी उठून टिचकी मारली, ठुमरी लावली. आलाप सुरू झाला आणि लेखकाच्या पोटात गोळा आला. टक्. टक्. टक्.

“मामा, अजून येतंय!”

मामांनी बशी खाली ठेवली, खिशातलं घड्याळ काढून भाच्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, “मोज.”

भाच्यानं मिनिटभर मोजलं. सत्त्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर, एकाचा गोंधळ झाला.

“अठ्ठ्याहत्तरच,” मामा म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला, एकदा, दोनदा, आणि आतून मामी काहीतरी बोलली, ते गाण्यात ऐकू आलं नाही.